कुशी नोकरी

विश्रामबागच्या कॉलेजात इंग्रजी घेतल्यापासून मी एसटीतही फुकट शिकवणी घ्यायची. एकदा सांगलीहून साताऱ्याला जाताना शेजारी एक निवृत्त फौजी ट्रंकेवर पाय ठेवून बसला होता. पलूसला मळा असूनही शिरवळच्या कारखान्यात राखणदारीला निघाला होता.

"कारखान्याचा साहेब म्हनला, कुशी नोकरी हाय. निस्तं बसायचं," तो मिशी चोळत म्हणाला.

झालं, मी सुरू! "काका, इंग्रजीत 'कुशी' म्हणजे आरामाची. गोऱ्या शिपायांनी आपल्या 'खुशी'वरूनच उचललाय तो शब्द."

"खुशीचा आराम केला व्हय त्यांनी?" तो लय हसला. मग बाहेरचा ऊस बघत राहिला.

पलूस आलं, तसा उठलाच.

"आवं, तिकीट शिरवळचं हाय!" कंडक्टर ओरडला.

"असू दे, गड्या. बसून कुठली खुशी? उसाला पानी पाजतो."

मी खिडकीतून अभिमानानं पाहिलं. माझ्या इंग्रजीनं पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं झालं होतं.