ऑटो काढलेलं पॅनल

वालूरमध्ये रंगनाथ मिस्तरींना ‘ऑटो मिस्तरी’ म्हणतात. बाहेरगावचा एखादा माणूस हे नाव ऐकून त्यांना सेलूचं भाडं विचारतो. मग मिस्तरी शांतपणे सांगतात की आपल्याकडे रिक्षा नाही. त्यांचा ऑटो म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसवायची छोटी डबी. शेतावरची लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. ही डबी बसवली की लाइट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते, माणसाला उठून विहिरीवर जावं लागत नाही. वालूरच्या शिवारात ऑटो नसलेला स्टार्टर शोधावा लागेल, आणि बहुतेक ऑटो मिस्तरींनीच बसवलेले आहेत.

लोकांची उठबस वाचवता वाचवता त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र गेले. सेलूला एका उस्तादाकडे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायला शिकून ते गावी आले, तेव्हापासून विहिरीच्या काठावर उकिडवं बसणं, वेळ पडली तर दोर धरून आत उतरणं आणि खांद्यावर मोटार घेऊन बांधाबांधाने चालणं हेच चाललं होतं. आता साठी जवळ आली. खाली बसले की उठताना आधी एक हात जमिनीला लागतो, मग दुसरा गुडघ्याला, आणि मधे थोडा वेळ ते तसेच वाकलेले राहतात. कुणी हात पुढे केला तर त्यांना आवडत नाही.

बसून करता येईल असं काम त्यांना हवं होतं. परभणीला एका फर्निचरवाल्याकडे त्यांनी लाकूड कोरणारी सीएनसी मशीन पाहिली. नक्षी लॅपटॉपवर असते, मशीन ती फळीवर कोरते आणि माणूस खुर्चीत बसून बघतो. ती खुर्चीच मिस्तरींच्या मनात बसली. तशी मशीन विकत घेणं जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी फोनवर व्हिडिओ बघत, चुकत आणि दुरुस्त करत समोरच्या खोलीत घरचीच एक उभी केली. सांगाडा पाइपांचा, मोटारी पार्सलने आलेल्या, लॅपटॉप भाच्याने टाकून दिलेला.

पॅनल मात्र त्यांचं स्वतःचं होतं. स्टार्टरची एक जुनी लोखंडी पेटी त्यांनी घासून रंगवली, आत तारा अशा बांधल्या की पाहणाऱ्याला समाधान वाटावं. बाहेर तीन बटनं, आणि त्यांच्याखाली पांढऱ्या रंगाने लिहिलं: चालू, बंद, घरी. ‘घरी’ दाबलं की कोरणारं डोकं सरकत आपल्या मूळच्या कोपऱ्यात जाऊन थांबतं, आणि पुढचं अंतर तिथूनच मोजतं. व्हिडिओत त्याला ‘होम’ म्हणत होते.

आणि शेवटी, हात सवयीनेच त्या डबीकडे गेला. एक फळी कोरायला दुपार जाते, तेवढ्यात लाइट दोनदा तरी जाते. मिस्तरींनी पॅनलमध्ये ऑटो बसवून टाकला. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

ठरलं होतं ते असं. सुरुवातीला मिस्तरींनी विहिरींची कामं करत राहायचं आणि मशीनजवळ त्यांच्या बायकोने, शिवकन्याबाईंनी थांबायचं. कामं वाढली की मिस्तरींनी शिवारात जाणं बंद करायचं. शिवकन्याबाई थांबल्या नाहीत, तर मशीन पांघरुणाखाली पडून राहणार होती आणि मिस्तरी विहिरीवर. पहिलं काम गावातल्याच दिनकररावांचं आलं. त्यांच्या बांधावरच्या सागाची फळी, देवघराच्या दारासाठी. त्यावर कमळ कोरायचं होतं.

त्या दुपारी मिस्तरी घरीच होते. उंबऱ्याजवळ खाली बसून चहा घेत होते. कमळाच्या पाकळ्या अर्ध्या झाल्या असतील, तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, मशीनही थांबली. फळीवर भुसा साचला होता. शिवकन्याबाईंनी ब्रश घेतला आणि वाकून तो झाडायला लागल्या. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि पुढची नक्षी मशीनला सांगतच होता. हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

लाइट आली. पेटीत ‘खट्’ वाजलं, तो आवाज मिस्तरींनी जन्मभर समाधानाने ऐकला होता. कोरणारं पातं फिरायला लागलं आणि डोकं सरळ शिवकन्याबाईंच्या हाताकडे सरकलं.

मिस्तरींनी जमिनीला हात लावला, गुडघ्याला लावला. ते पुरते उठले तोवर सगळं होऊन गेलं होतं. शिवकन्याबाईंनी हात मागे ओढला होता, ब्रश पात्यात सापडून फुटला होता आणि कमळावरून एक खोल, वाकडी रेघ गेली होती. मिस्तरींनी ‘बंद’ दाबलं. शिवकन्याबाईंच्या बोटाला निसटती जखम झाली होती. त्या ती पदराने दाबून उभ्या होत्या.

मिस्तरींनी हळद आणली, चिंधी बांधली. मग शिवकन्याबाई म्हणाल्या, “ह्यो काय पंप हाय का? पंपापाशी कुणी वाकून बसलेलं नसतंय.”

मिस्तरींनी फुटलेल्या ब्रशचे तुकडे गोळा केले.

“तुमी विहिरीवर असल्यावर ही आपल्या मनानं चालू होणार असल, तर मी हिच्याजवळ उभी ऱ्हाणार न्हाई. सांगून ठेवते.”

त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मिस्तरींना समजूत काढता आली असती. त्यांनी ते नुसतंच सांगितलं आणि मशीनवर जुनी सतरंजी टाकली.

मिस्तरी पुन्हा विहिरीवर जायला लागले. एका विहिरीवर त्यांना उठताच येईना, तेव्हा स्टार्टरच्या खांबाला धरून ते उभे राहिले. खांबावरच्या पेटीत त्यांचाच ऑटो होता. घरी आल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. सतरंजी काढली, पेटी उघडली आणि पक्कड घेऊन खुर्चीत बसले.

काम फार नव्हतं. ऑटो काढला की स्टार्टर मुळात जसा असतो तसाच राहतो: लाइट गेली की सुटतो, आणि कुणी ‘चालू’ दाबेपर्यंत धरत नाही. आजवर ही अडचण समजून त्यांनी ती सगळीकडे मोडून काढली होती. लाइट गेल्याबरोबर लॅपटॉपलाही थांबवणारी एक तार त्यांनी ओढली. ‘बंद’चं बटन काढून त्याजागी तळहाताने दाबता येईल असं मोठं लाल बटन बसवलं, तेही पुढच्या कडेला, शिवकन्याबाईंचा हात जिथं पोचेल तिथं.

ते चालू असतानाच दिनकरराव आले. स्टार्टर धरत नाही, येऊन बघा, असं त्यांना सांगायचं होतं. मिस्तरींनी आधी फळी दाखवली. दिनकररावांनी ती रेघ बोटाने चाचपली, फळी उलटी करून पाहिली आणि मागच्या बाजूने कोरा म्हणाले. मग त्यांची नजर टेबलावरच्या डबीकडे गेली.

“मिस्तरी, आख्ख्या शिवाराला ऑटो लावलास आन सोताच्या घरातला काढायलास?”

“काढायलोय.”

“म्हातारपणी उठबस वाढवून घ्यायलास की.”

“वाढू द्या,” मिस्तरी म्हणाले. तुमचा स्टार्टर उद्या सकाळी बघतो, असंही सांगितलं. दिनकरराव हसत गेले. मिस्तरींना हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं.

पॅनल झाल्यावर त्यांनी शिवकन्याबाईंना बोलावलं. त्या आल्या, पण जवळ गेल्या नाहीत. आधी मशीन चालू करायला लावली. मग भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा स्वतः खाली ओढला. सगळं थांबलं. थोडं थांबून दांडा वर केला. पंखा फिरला, मशीन गप्प. त्यांनी परत खाली केला, परत वर. मिस्तरी खुर्चीत बसून बघत राहिले. त्यांच्या कामावर असा अविश्वास गावात कुणी दाखवला नव्हता, आणि त्यात चूक काही नव्हती. किती वेळा झालं ते त्यांनी मोजलं नाही. शेवटी शिवकन्याबाईंनी सतरंजीची घडी घातली आणि ती ट्रंकेवर ठेवली.

त्याच दिवशी फळीच्या मागच्या बाजूवर कमळ सुरू झालं. लाइट गेली. शिवकन्याबाईंनी लगेच ब्रश उचलला नाही. आधी पॅनलकडे पाहिलं, मग भुसा झाडला. बऱ्याच वेळाने लाइट आली. शेजारची गिरणी घरघरायला लागली, आणि शिवारातल्या मोटारी एव्हाना आपोआप धरल्या असतील. मशीन मात्र जागच्या जागी होती.

मिस्तरींनी उठण्यासाठी खुर्चीच्या हातावर जोर दिला.

“बसा,” शिवकन्याबाई म्हणाल्या. त्यांनी हात मागे घेतले, पदर खोचला आणि पॅनलसमोर उभ्या राहिल्या. “आधी घरी, मंग चालू. असंच ना?”

“असंच.”

त्यांनी ‘घरी’ दाबलं. डोकं हळूहळू आपल्या कोपऱ्याकडे निघालं. मिस्तरींनी पाय लांब केले. सकाळी दिनकररावांच्या विहिरीवर जायचं होतंच.