गयामायनं हाक मारली

आधीच सांगते, मी भूतखेत मानत नाही. तीस वर्षं लातूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात आलेल्या बायकांना तोंडावर "नाटकं बंद करा" म्हणणारी बाई मी! तरी ही कॅसेट माझ्या कपाटात आहे... आणि ती मी पुसत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारासची गोष्ट. दुष्काळ होता. मी तेव्हा कॉलेजात होते. तिथल्या सरांनी मला टेपरेकॉर्डर देऊन बिलोलीकडच्या एका खेड्यात पाठवलं, गयामाय नावाच्या म्हातारीच्या आठवणी टेप करायला. निजामाच्या काळात तिकडच्या बड्या घरांत लेकीच्या लग्नात भांड्यांसोबत माणसंही आंदण द्यायचे. गयामायची आई तशीच आलेली. म्हणजे गयामाय जन्मली तीच मालकाची वस्तू म्हणून. तशी जन्मलेली ती एकटीच आता पंचक्रोशीत जिवंत होती.

भर दुपार. चार दिवस टँकर नाही. दारातला रांजण कोरडा ठणठणीत, मी स्वतः आत हात घालून पाहिला होता.

"मालकानं हाक मारली की 'आले जी' म्हनायचं अन् पळायचं," ती सांगत होती. "पानी भरायला लावलं की त्यो 'पुरे' म्हनस्तोवर थांबायचं न्हाई. मी सात वर्साची होते. माय दुसऱ्यांदा पोटुशी, दिस भरलेले. त्यो जेवून झोपला, पुरे म्हनायचं इसरला. हिरीवरच जीव गेला मायचा."

मी म्हटलं, "जाऊ द्या माय, तोही मेलाच की."

"मेला म्हून सुटला व्हय?" म्हातारी भडकली. "त्याचं नाव घ्यायची बंदी होती आमाला. मरायच्या आदी एकदा त्याला हाक मारायची हाय मला!"

अन् दाराकडे तोंड करून ओरडली, "ए गोंद्याऽऽ! रांजण भर!"

टेप चालूच होती. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मनात म्हटलं, चला, बिचारीचं मन तरी मोकळं झालं. निघताना चपला घालायला गेले तर पाय ओला... रांजण काठोकाठ भरून सांडत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी तशीच आत धावले. "माय, पुरे म्हणा हो!"

"न्हाई म्हनत," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून हसली.

घरी येऊन टेप लावली. तिच्या हाकेनंतर बाप्याचा आवाज, अगदी स्पष्ट — "आलो जी."

गयामाय त्याच उन्हाळ्यात गेली. तिची सून नंतर भेटली. म्हणाली, शेवटपर्यंत पुरे म्हटली नाही, अन् सगळी गल्ली अजून आमच्याच दारातून पाणी नेते.

रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, जुनं रेकॉर्डिंग राहिलं असेल. अरे, कॅसेट कोरी करकरीत होती! बरं, तेही सोडा. तेव्हा आवाज खणखणीत होता. आता ऐकलं की त्याला धाप लागलेली असते, दरवर्षी जास्तच. टेपवरचा माणूस दमतो कसा, मला आजही सांगता येत नाही.

कधी वाटतं, आपणच टेपसमोर म्हणावं, पुरे. मग विहिरीवर गेलेली ती पोटुशी बाई आठवते. मी टेप बंद करते आणि कपाटाला कुलूप लावते.