मेळ बसवणारे भाऊजी

आमच्या घरात सूर्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी इतरांकडे वाटणीवरूनही होत नसतील. बायबलातल्या यहोशवाची लढाई संपेपर्यंत सूर्य आकाशात दिवसभर थांबला होता की नाही, हा प्रश्न माझ्या लग्नाच्या आधीपासून दोघा भावांमध्ये पडून होता. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, महिनाभरात काहीतरी निकाल लागेल. माझे केस पांढरे झाले, सूर्य अजून तिथंच उभा आहे.

थोरले ते माझे दीर, आमचे भाऊजी. धाकटे ते आमचे हे. दोघांचं मिळून चष्म्याचं दुकान. पुढच्या खोलीत भाऊजी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून नंबर काढत, मागच्या खोलीत हे काचा घासून फ्रेममध्ये बसवत आणि मधल्या काउंटरवर मी. म्हणून भाऊजींनी माझं नाव 'मॅनेजर' ठेवलं होतं. वडील लवकर गेले, तेव्हा भाऊजींनीच ह्यांना वाढवलं, शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं विसरून गेले. विचारलं की म्हणत, "एकाला वाढवून पाहिलं ना, हौस फिटली."

रविवारची उपासना संपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भाऊजी मोठ्या माणसांसाठी बायबलचा वर्ग घेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. सृष्टी देवाची, बायबलही देवाचंच. मग एकाच हाताने लिहिलेली दोन पत्रं एकमेकांना खोटं कशी पाडतील? विज्ञानाची नवी बातमी आली की भाऊजी तिच्या मापाचं वचन शोधून ठेवत. पृथ्वी अधांतरी आहे हे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात केव्हाच लिहून ठेवलंय, हे तर ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. लगेच मागच्या खोलीतून ह्यांचा आवाज येई, "त्याच पुस्तकात पृथ्वीला खांबही आहेत, तेही सांग की!" आणि गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून मधोमध बसलेलं.

ह्यांनी चर्चला जाणं कधीच सोडलं होतं. ह्यांचं मत असं की, बायबल विज्ञान शिकवायला लिहिलेलंच नाही. ओढूनताणून मेळ बसवायला गेलं की दोन्हींचा कचरा होतो. चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकदा चष्मा करायला आले आणि हा सामना ऐकून खूश झाले. "हे सगळ्यांसमोर होऊ द्या," म्हणाले. विषय ठरला तोच थांबलेला सूर्य, रविवारही ठरला. दोघं भाऊ पोरांसारखे तयारीला लागले. मला मात्र ते लक्षण बरं वाटेना, कारण घरातल्या भांडणाला प्रेक्षक मिळाले की ते घरातलं राहत नाही.

त्याच सुमारास मी दुकानातला अक्षरांचा तक्ता बदलला. जुना पिवळा पडला होता. नव्यावर अक्षरं वेगळ्या क्रमाने होती. भाऊजींना मुद्दाम सांगायचं मला सुचलंही नाही. भिंतीवरचा तक्ता बदललाय हे काय सांगायचं? दुपारी एक शिक्षिका आल्या. खुर्चीत बसून तिसरी ओळ वाचू लागल्या. भाऊजी म्हणाले, "चुकलं. पुन्हा वाचा." बाईंनी पुन्हा वाचली. "अजून चुकतंय," म्हणत भाऊजींनी काच बदलली. मी हातात फ्रेम घेऊन तशीच उभी राहिले. बाई प्रत्येक अक्षर बरोबर वाचत होत्या. भाऊजी मनातला जुना तक्ता तपासत होते.

बाईंना कसंबसं दुसऱ्या दिवशी यायला सांगून मी दार लोटलं. "भाऊजी, भिंतीवर काय आहे?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "मधोमध काळा डाग आहे, मॅनेजर. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं, तेच नेमकं नाहीसं होतं."

म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाऊजी रस्त्याने नीट चालत, चहाचा थेंब सांडत नसत, माणसं आवाजावरून ओळखत. बायबल तर त्यांना पाठच होतं. फक्त अक्षर आणि चेहरा, एवढंच गेलं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "आणि गिऱ्हाइकं? चुकीचा चष्मा लावून कोणी रस्त्यात धडपडलं, तर तो मेळ कुठल्या वचनात बसवणार आहात?"

भाऊजींची मान खाली गेली. "एवढा रविवार होऊ दे," ते म्हणाले. "मग धाकट्याला मीच सांगतो. तोवर तू बोलू नकोस. शब्द दे."

मी दिला, पण अट घातली. गेल्या काही महिन्यांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलावून पुन्हा तपासायचं, आणि तपासताना मी तक्त्याशेजारी उभी राहणार. गिऱ्हाईक चुकलं की मी खोकायचे. दिवसभर खोकून खोकून माझा घसा खरोखरच बसला. मागून हे ओरडत, "अगं, औषध घे काहीतरी!" सख्खा भाऊ भिंतीपलीकडे काचा घासत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

रविवार जवळ आला तसा ह्यांनी आपला डाव मला सांगितला. भाऊजींचा एक हुकमी एक्का होता. अवकाश संशोधकांच्या कॉम्प्युटरला म्हणे जुन्या काळाचा हिशेब करताना एक दिवस कमी पडला आणि तो दिवस यहोशवाचाच निघाला. ही गोष्ट भाऊजी वर्गात फार रंगवून सांगत. ह्यांनी वाचनालयातून एका विज्ञान मासिकातला लेख मिळवला होता. असं काही कधी घडलंच नाही, कॉम्प्युटरला असा हरवलेला दिवस सापडूच शकत नाही, हे त्यात व्यवस्थित समजावलं होतं.

"मी वाद घालणारच नाही," हे हात पुसत म्हणाले. "कागद दादाच्या हातात देणार आणि म्हणणार, मोठ्याने वाच. दादा समोर लिहिलेलं फिरवून वाचणार नाही. त्याच्याच तोंडून येऊ दे."

"अहो, तुम्हीच वाचा ना."

"मी वाचलं तर म्हणतील, नास्तिक बडबडतोय. तुला का एवढा दादाचा पुळका?"

काय सांगणार? शब्द देऊन बसले होते. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी भाऊजींना गाठलं. "रविवारी हे तुम्हाला एक..." एवढंच बोलले असेन, त्यांनी हात वर केला. "समोरच्याची तयारी मला सांगू नकोस. पेपर फोडून पास व्हायचं असतं, तर कशाला उभा राहिलो असतो?" अशा माणसापुढे डोकं फोडावं की पाया पडावं, मला कळेना.

त्या रविवारी हॉल गच्च भरला. भाऊजी आधी बोलले आणि काय सुरेख बोलले! हातात उघडं बायबल, पण नजर लोकांवर. अध्याय, वचन, सगळं बिनचूक. टाळ्या पडल्या. शेवटी कॉम्प्युटरची गोष्ट आलीच. हे उठले, शांतपणे गेले आणि कागद पुढे केला.

"दादा, एवढं वाच. मोठ्याने."

भाऊजींनी कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मान किंचित तिरपी केली. हॉलमध्ये कोणी तरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज.

"वाचा ना," पाळक म्हणाले.

"उजेड..." भाऊजी म्हणाले. लगेच कोणी तरी उठून खिडक्यांचे पडदे बाजूला केले. ऊन सरळ कागदावर पडलं. भाऊजींनी कागद पुन्हा लांब धरला. मागून एक जण हसला, "आता का बोलती बंद झाली?" आणखी दोघं-तिघं हसले. मला वाटलं उठावं, धावत जावं, तो कागद टराटरा फाडावा. मी उठलेसुद्धा.

पण माझ्या आधी ह्यांना कळलं. आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेला माणूस. भावाची ती तिरपी मान, कागदाच्या बाजूला लागलेली नजर हे बघत राहिले, आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "राहू दे दादा," हे घाईघाईने म्हणाले. "चुकून दुसराच कागद आणला मी. दे इकडे."

"कागद बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "मला वाचता येत नाही. दिसत नाही मला आता. काही महिन्यांपासून." आणि त्यांनी कागद परत केला. "तू वाच. आहे तसंच वाच. माझ्यासाठी एक शब्द गाळलास तर याद राख."

ह्यांनी वाचलं. सगळा लेख संपला तेव्हा भाऊजी म्हणाले, "मग ती गोष्ट खोटी होती. मी इतकी वर्षं वर्गात सांगितली. चूक झाली." कोणी टाळी वाजवली नाही. पाळकांनी प्रार्थना करून लोकांना सोडलं.

खुर्च्या रचण्याचा आवाज थांबला, हॉल रिकामा झाला, तरी भाऊजी जागचे हलले नाहीत. हे त्यांच्यापुढे उभे राहिले. "डॉक्टरांना दाखवलंस?"

"दोघांना दाखवलं. उपाय नाही म्हणाले. आहे तेही जाईल."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मला?" हे जवळजवळ ओरडलेच.

"तुला सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? डॉक्टर म्हणतात ते मान, म्हणाला असतास. बरोबरच आहे ते." "जन्मभर विज्ञान आणि देव, दोघांचा मेळ बसवत आलो रे. या एका बाबतीत दोघांनी वेगळं बोलावं, एवढंच वाटत होतं. खाली डॉक्टर नाही म्हणाले. वर देवाला रोज विचारत होतो."

"मग? काय उत्तर मिळालं?"

"अजून तरी तेच."

मी जीव मुठीत धरून ह्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी ह्यांच्याकडे बोलण्यासारखं सगळं होतं. इतक्या वर्षांचा वाद एका वाक्यात जिंकता आला असता. ह्यांनी रचलेली एक खुर्ची काढून आणली आणि भावासमोर न मांडता जरा बाजूला मांडली, जिथून कडेच्या नजरेने त्यांना ह्यांचा चेहरा दिसेल.

"पुन्हा विचार," हे म्हणाले. "मी बसतो इथे."