भाड्याची मावशी

पडदा वर जातो तेव्हा समोर नवरदेवाच्या आईची, पार्वतीबाईंची ओसरी आहे. गाव पालमहून एसटीनं थोडक्या अंतरावरचं. भिंतींना निळा रंग, इतका ताजा की टेकून बसलेल्या पाहुण्यांच्या सदऱ्यांना लागला आहे. कूलरचा आवाज एवढा मोठा की प्रत्येक जण दुसऱ्याला "काय म्हणालात?" विचारतो आहे. सतरंजीच्या मधोमध नवरी मुलगी निकिता, पदर डोक्यावरून, नजर पायाच्या अंगठ्यावर. एका बाजूला तिचा भाऊ पप्पू, मनगटात जाडजूड कडं. दुसऱ्या बाजूला मावशी: हिरवं इरकली लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. समोर नवरदेव बालाजी. पस्तिशी उलटलेली, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, आणि हातात घाम पुसून पुसून ओला झालेला रुमाल.

आता पात्रपरिचय करून देतो. निकिता नवरी नव्हती. तिची याआधी निरनिराळ्या तालुक्यांत लग्नं लागली होती आणि प्रत्येक सासरहून ती आठवड्याच्या आत दागिन्यांसकट नाहीशी झाली होती. पप्पू तिचा भाऊ नव्हता, तो भाड्याची बोलेरो चालवायचा. मावशी तिची मावशी नव्हती, आणि त्या टोळीचीही नव्हती. ती पोलिसांची होती. त्या ओसरीवर खरा असा एकटा बालाजी, आणि आपण नीट वागतोय की नाही याची धास्ती फक्त त्यालाच.

मी उभा जन्म नाटकात काढला. राजे केले, भिकारी केले, आवाज चांगला होता तोवर स्त्रियाही केल्या. पण स्टेजवर सगळे कसलेले नट आणि समोर बिचारा एकच प्रेक्षक, असा प्रयोग माझ्या वाट्याला कधी आला नाही. तो आला या मावशीच्या, म्हणजे सिद्धम्माच्या वाट्याला.

ही सिद्धम्मा पालमला माझ्या घराशेजारी राहते. तिचा नवरा लिंगराज लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नाही. शेवया-पापड करून विकते आणि होमगार्डमध्ये आहे. जत्रा असो की निवडणूक, खाकी घालून ती दोरीशी उभी असते. गळ्यात रेशमी फडक्यात बांधलेलं लिंगायतांचं लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या पुरणाला सिद्धम्मा लागते, आणि हळदीचं ताट बाहेर आलं की सिद्धम्मा आपण होऊन उठते आणि मागच्या अंगणात भांडी घासायला जाते. तिला कुणी "ऊठ" म्हणत नाही. आमच्याकडचे लोक चांगले आहेत. म्हणायची वेळच येऊ देत नाहीत.

अशा बाईला फौजदार धम्मशीला मॅडमनी बोलावलं. पूर्णेला स्टेशनाजवळ बायनाबाई नावाच्या बाईचं वधूवर सूचक केंद्र होतं. मुली मिळत नाहीत म्हणून कासावीस झालेल्या घरांना ती मुली पुरवायची, आणि मुलीबरोबर भाऊ, मामा, मावशी, लागतील तेवढे नातेवाईकही. पोलिसांनी पळालेल्या नवऱ्या धरल्या होत्या, खोटे भाऊ धरले होते. बायनाबाई मात्र दर वेळी सुटायची. "मी निस्ता फोटो दाखवते साहेब," ती म्हणायची. "पुढं ते अन् त्यांचं नशीब." ती स्वतः कुठल्याच मांडवात पाय ठेवत नसे. ती मांडवात उभी राहून "ही माझ्या नात्यातली" असं चारचौघांत म्हणेल, तेव्हाच ती अडकणार होती. त्यासाठी तिच्या टोळीत आपलं माणूस हवं होतं.

सिद्धम्मा माझ्याकडे आली.

"काका, रडायचं कसं?"

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई. मावशीचं काम करायचंय. पोरगी सासरी निघाली की रडावं लागतंय म्हणं."

मला काय आनंद झाला सांगू! मी तिला श्वास कसा कोंडायचा ते दाखवलं, हुंदका पोटातून कसा काढायचा ते दाखवलं, पदर नेमका कुठल्या शब्दाला तोंडाशी न्यायचा तेही दाखवलं. दाखवता दाखवता मी स्वतःच रडलो. सिद्धम्मा शेवयांचा हिशोब करत असावी तशी बघत बसली.

पूर्णेला बायनाबाईनं तिची परीक्षा घेतली. "गरज हाय म्हणतीस, ठीक हाय. रड बघू."

सिद्धम्मानं श्वास कोंडला. तिला ठसका लागला. बायनाबाईनं चहा मागवला. तो आल्यावर सिद्धम्मा सहज म्हणाली, "ह्याला चहा म्हणायलेत का तुमी? पाहुण्यास्नी असला देता?"

बायनाबाईचे डोळे चमकले. "आस्सं पायजे! खरी मावशी रडत बसत न्हाई बाई, नावं ठेवती." मी आयुष्यात पुष्कळ दिग्दर्शक पाहिले. ही बाई आमच्या कंपनीला मिळाली असती तर कंपनी बुडाली नसती.

एक अडचण तिनं लगेच काढली. "रांडाव मावशी चालायची न्हाई. लोक तोंड वाकडं करतेत." मग कपाटातून एक मंगळसूत्र निघालं, बांगड्यांचा डबा निघाला, कुंकवाचा करंडा निघाला. सिद्धम्मानं भस्म पुसलं. लिंग पोलक्याच्या आत गेलं, मंगळसूत्र वर आलं. नावही बदललं: सुलाबाई. लिंगराज गेल्यापासून जे कपाळ कोरडं होतं, त्यावर पहिलं कुंकू एका दरोडेखोर बाईनं लावलं, तेही हनुवटी धरून, मायेनं.

तर ती ओसरी. पोहे झाले, बालाजीला पगार विचारून झाला, त्यानं शेताचा सातबारा तोंडपाठ म्हणून दाखवला. मग बालाजीची चुलती हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. पार्वतीबाई स्वतः आल्या नाहीत. त्याही विधवाच; त्या दाराच्या चौकटीआड उभ्या राहून बघत होत्या. चुलतीनं बोट कुंकवात बुडवलं, सुलाबाईंच्या कपाळाकडे नेलं, आणि सुलाबाई झटकन मागे सरकल्या. उठून आत जायला एक गुडघाही टेकवला.

संवाद पाठ करता येतात हो. उठबस कुठून पाठ करणार? इतक्या वर्षांत ताट आलं की उठायचं, हे त्या अंगात मुरलं होतं.

"काय झालं मावशी?" चुलती म्हणाली.

"मुंग्या आल्या पायाला," असं पुटपुटत सिद्धम्मा पुन्हा बसली. कपाळ पुढं केलं. कुंकू लागलं, ओटी भरली गेली, सगळं पार पडलं. पप्पूला काही कळलं नाही. कळलं फक्त चौकटीआडच्या बाईला.

थोड्या वेळानं पार्वतीबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. पाटावर बसवलं, पोळीवर तूप सोडलं.

"किती वर्षं झाले?"

"कशाला?"

"मालकाला जाऊन."

सिद्धम्मानं पदर कपाळावर ओढला. समोरची बाई हसली. "मी बी अशीच उठते, बाई. ताटाच्या आधी माझे पाय उठतेत. सवाशीण मागं सरकत न्हाई. ती कपाळ पुढं करती."

"अक्का..."

"ऱ्हाऊ द्या. बिन आईबापाची पोरगी, तिचं कुठं अडू नये म्हणून तुमी हे गळ्यात घातलं. मला कळत न्हाई का? मी कुणाला बोलणार न्हाई." मग आवाज आणखी बारीक झाला. "निस्तं एवढं करा. हळदीला, ओटीला एखादी खरी सवाशीण आणा तुमच्याकडची. माझं काही न्हाई. पण एकुलतं एक लेकरू हाय, किती वर्षांनी योग आला. कुणी पुढं काही काढू नये."

सिद्धम्मानं ती पोळी खाल्ली. ती म्हणते, तूप मात्र लय चांगलं होतं.

संध्याकाळी ती धम्मशीला मॅडमना भेटली. त्या घराला सगळं सांगून टाकते म्हणाली. मॅडमनी मान हलवली. "सांगितलंस तर बायनाबाई पुन्हा सुटेल. ती मांडवात आली तर तिथंच धरू. नाहीच आली तर लग्न लागू द्यावं लागेल, मुलगी पळताना पकडू."

"अन् म्हातारीचं काय?"

"दागिने परत मिळतील तिचे."

"दागिन्याचं इचारायले न्हाई मी, मॅडम."

मॅडम भल्या बाई असल्यानं त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. म्हणजे आता सगळं एका गोष्टीवर आलं. बायनाबाई मांडवात आली नाही, तर ज्या बाईनं तिची लाज झाकली, तिचंच घर सिद्धम्मा आपल्या हातानं अक्षता टाकून लुटवणार होती.

वाटेत तिला पार्वतीबाईंचं बोलणं आठवत होतं, आणि पूर्णेला पोचेपर्यंत तिच्या ध्यानात आलं की उत्तर त्यातच आहे. तिनं बायनाबाईला जे घडलं तेच सांगितलं. अभिनयाची गरजच पडली नाही.

"म्हातारीनं वळखलं मला. बोलणार न्हाई म्हणती. पण हळदीला खरी सवाशीण पायजे."

"त्यात काय? दुसरीच्या गळ्यात घालू."

"चालायचं न्हाई. ती सोता रांडाव हाय. खोटं कुंकू तिच्या म्होरं टिकत न्हाई. माझं टिकलं का?"

बायनाबाई विचारात पडली. तिच्याकडच्या मावश्या, माम्या, आत्या तिनं एकेक आठवून पाहिल्या. कुणी टाकलेली, कुणी विधवा, कुणाचा नवरा कुठं आहे ते तिलाच माहीत नाही. सुखाच्या संसारातली बाई या धंद्यात येते कशाला? साऱ्या टोळीत अस्सल कुंकू एकच होतं. त्या कुंकवाचा धनी बाहेर केंद्राच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"मोडा मग हे लगीन," पप्पू म्हणाला.

"मोडते कशाला?" बायनाबाईनं पदर सावरला. सिद्धम्मा सांगते, त्या क्षणी तिच्या तोंडावर भीती नव्हती, अभिमान होता. "माझा मालक जित्ता हाय. मला कुण्या म्हातारीचं भ्या हाय का? एका दिसाचा तर परश्न हाय."

लग्नाच्या दिवशी बायनाबाई आली ती नटून. नाकात नथ, अंगावर जरीची साडी, बरोबर नवराही, पुरावा म्हणून. गावातल्या बायका तिच्याभोवती जमल्या. पार्वतीबाईंनी दारातूनच हात जोडले. बायनाबाईनं निकिताला हळद लावली, ओटी भरली, आणि चुलतीनं नातं विचारल्यावर साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सख्खी भाची हाय माझी! माझ्या मांडीवर वाढली." काय ठणठणीत आवाज! शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. शेवटच्या रांगेत धम्मशीला मॅडम साध्या साडीत बसल्या होत्या, आणि वऱ्हाडी म्हणून मोबाइलवर शूटिंग करणारे दोघे त्यांचेच शिपाई होते.

मॅडम उठून पुढं आल्या आणि आपली ओळख सांगितली. बायनाबाई ओल्या पिवळ्या हातांनी तशीच उभी.

"हात तरी धुऊ द्या."

"राहू द्या बाई," मॅडम म्हणाल्या. "तुमचे हात एखाद्या लग्नात पहिल्यांदाच भरलेत."

पप्पू बोलेरोकडे पळाला. गाडीपुढं बालाजीचाच ट्रॅक्टर लावलेला होता. निकिता जीपमध्ये चढताना वळली आणि सिद्धम्माकडे बघून म्हणाली, "मावशी, तू बी खोटीच का गं?" त्यात राग नव्हता. एका नटीनं दुसरीला दाद द्यावी तसं काहीतरी होतं. पुढं ती माफीची साक्षीदार झाली, हे बरं झालं.

जीप गेली. बालाजी मुंडावळ्या काढून ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसला, मांडवाकडे पाठ करून. सिद्धम्मानं मंगळसूत्र काढून शिपायाच्या हातात दिलं आणि पदरानं कुंकू पुसलं. गाव बघत होतं. पार्वतीबाई सरळ चालत तिच्यासमोर आल्या.

"तुमाला सगळं ठाव होतं?"

"होतं."

"माझ्या घरी पोळी खाल्ली तवा बी?"

"तवा बी."

"मी तुमची लाज झाकली, बाई."

"झाकली, अक्का."

"अन् तुमी माझी गावाम्होरं उघडी केली."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. घर वाचलं, दागिने वाचले, पुढच्या किती आया वाचल्या. मी असतो तर तिथं एक लांबलचक स्वगत म्हटलं असतं. बायका कुजबुजू लागल्या, पुरुष चपला शोधू लागले. आचारी कढईशेजारून पुढं आला आणि भीत भीत विचारता झाला, "मालकीण, भात उतरलाय. वाढायचं का न्हाई?"

पार्वतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि खाली बसायला जागा शोधावी तसा हात पुढं केला. सिद्धम्मानं तो धरला. दुसऱ्या हातानं पदर खोचला.

"चला अक्का, पंगत बसवा. तुमी वरण घ्या, मी भात घेते. वाढायला सवाशीण लागत न्हाई."