दैवशालाबाईंच्या मुंग्या

ईट गावच्या दैवशालाबाईंचा धाकटा लेक सिदू विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेला, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. थोरल्या गोरोबानं हात जोडून कबूल केलं, "तुझी सीताफळाची बाग म्या सांभाळतो." कावळा आपला फांदीवर बसून राहिला. ऊन चढलं तशी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली. लोकांचं काय, त्यांना भूक लागते. बाईंच्या मनानं मात्र एकच घेतलं: लेक उपाशी गेला.

शेजारच्या द्वारकाबाईंनी तोड सांगितली. असल्या सल्ल्यांना गावात कधी तोटा नसतो. "कावळ्यानं न्हाय घेतलं तर मुंग्यांला घाला. त्येंच्या तोंडानं बी पोचतं." तेव्हापासून दैवशालाबाई रोज सकाळी सिदूनं लावलेल्या बागेत जायच्या आणि झाडाझाडाच्या बुडाशी चिमूट चिमूट पीठसाखर टाकायच्या. मुंग्यांची रांग लागली, की मग त्यांच्या स्वतःच्या घशाखाली भाकरी उतरायची.

फळं लिंबाएवढी झाली तेव्हा बाईंना त्यांच्या खाचांत पांढरं पीठ दिसलं. त्यावर मुंग्यांची जा-ये चालली होती. बोट लावलं तर बोटाला पीठ आलं. दुसरं कुणी असतं तर चष्मा लावून बघितलं असतं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आपलंच पीठ मुंग्यांनी वर नेलंय आणि सिदूनं स्वतःच्या झाडावर ताट मांडून घेतलंय, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

असलं कुणाला सांगू नये, सांगितलं की पुण्य सरतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. गोरोबा पाठीवर पंप घेऊन निघाला तर त्यांनीच त्याला अडवलं.

"औषिद नगं मारू रं. झाडं लई चांगली हायती, म्या रोज बघते की."

गोरोबाच्या मागं सोयाबीनची कामं होती. आईनं बघितलंय म्हटल्यावर त्यालाही बरंच झालं.

दसऱ्याच्या सुमाराला तो तोडणीला गेला, तेव्हा बाग ओळखू येईना. पानांवर काजळी धरलेली, फळं काळी पडून झाडावरच वाळलेली, आणि जिथं तिथं पीठच पीठ. कृषी सहायक शिवकुमार आले. त्यांनी ते पीठ बोटानं चिरडलं, तर आतून पिवळसर पाणी निघालं.

"पिठ्या ढेकूण आहे हा," ते म्हणाले. "झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात. या झाडावरून त्या झाडावर नेतात, त्याला खाणारे किडे हुसकावतात. पण इथं एवढ्या मुंग्या झाल्या कशा?"

गोरोबानं आईकडं बघितलं. बाई बांधावर बसल्या.

"यंदाची फळं गेली. तोडून खोल पुरा," शिवकुमार म्हणाले. "फांद्या छाटून जाळा. झाडं किती जगतील ते नंतर बघू. पण आधी मुंग्या मारा, नाहीतर काही उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी गोरोबा डब्यात औषधाचं पाणी कालवून बागेत आला. आईला तो एका शब्दानंही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसल्या असत्या. त्यांनीच पुढं होऊन डबा मागितला.

"आण हिकडं. म्या घातलं, म्याच मारते."

पहिल्या झाडाच्या बुडाशी त्यांनी पाणी ओतलं. बिळातनं मुंग्या भराभरा वर आल्या, वळवळल्या आणि तिथंच थंड झाल्या. दुसऱ्या झाडाशी बाईंनी डबा कलता केला आणि परत सरळ धरला.

"आई, बास कर. म्या करतो."

"गोरोबा, त्यानं येक घास बी खाल्ला न्हाय रं," बाई म्हणाल्या. "वरीसभर म्या ह्या किड्यालाच जेवू घातलं."

गोरोबानं आईच्या हातातून डबा घेतला आणि पुढच्या झाडाकडं वळला.