एकशेबारा आलेत
स्पिरिटचा वास आला की सोलापुरातला, विणकरांच्या वस्तीतला तो दवाखाना आठवतो. सत्तरच्या दशकात मी तिथे केसपेपर सांभाळायचे. बाहेर मागांची खडखड, आत मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांवरून पेशंटचा कागद काढायचे. एका सकाळी एक तेलुगू आजी तापलेल्या नातवाला घेऊन आल्या. नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मालकांचंच नाव हाय की त्याला, मी कसं घेऊ?" नाव नातवानंच सांगितलं. मी दिलेला कागद बघून डॉक्टर पेनिसिलिन भरता भरता थांबले. "अहो, या पोराला मोतीबिंदू कधी झाला?" कागद आजोबांचा होता. त्या घरात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यामुळे दोघांच्या वडिलांचं नावही एकच. नातवाच्या कागदावर लाल शाईत लिहिलेलं निघालं, पेनिसिलिन चालत नाही. "घर नंबर जोडू या," डॉक्टर म्हणाले. घरही एकच होतं, आणि जन्मतारीख जोडावी तर आजोबांना ती ठाऊक नव्हती. शेवटी येईल त्याला पुढचा आकडा द्यायचा आणि तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही, असं ठरलं. सगळ्यांत खूश झाल्या आजी. पुढच्या वेळी दारातूनच ठसक्यात ओरडल्या, "बाई, एकशेबारा आलेत! चप्पल काढायलेत!" आजोबा मागे लाजून हसत होते. परवा ऑफिसात कुणीतरी म्हणालं, संगणकात माणसांच्या नोंदी नावानंच ठेवू. मी पेन खाली ठेवलं आणि आधी त्यांना एकशेबारांची गोष्ट सांगितली.