दादाची कोरडी हाप

आमच्या पलूसच्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. वडीलधाऱ्यांना सांगायची सवय फार, विचारायची अजिबात नाही! त्यामुळे गैरसमज सकाळी जन्मतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा किस्सा होतो. मी बी. ए. होऊन सांगलीहून परतले त्या वर्षी तर रंगादादाच्या एका पिशवीने कहर केला.

रंगादादा माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आला, तो एका गोऱ्या सार्जंटाकडून बिअर करायला शिकून. पाचगणीत हॉटेल काढणाऱ्या एका साहेबाने त्याला शब्द दिला होता, "बिअरला माझ्या गावचा वास आला, तर नोकरी तुझी." नाहीतर जन्मभर तात्यांच्या गुऱ्हाळावर चुलाणात जळण सारायचं! तो वास होता 'हॉप' नावाच्या सुक्या फुलांत. बिअर आंबून तयार झाली की ही फुलं न उकळता, कोरडीच आत टाकायची. पिशवी एकच. आणि तात्या पडले माळकरी. म्हणून दादाने बिअर एका बरणीत आंबत ठेवली आणि घरात सांगितलं, बरणीत औषध आहे.

*

दादा कामाला साताऱ्याला निघाला. जाताना आईला, म्हणजे माझ्या काकूला, बजावलं, "आई, एवढी हाप जपून ठेव."

परत येऊन बघतो, तर पिशवी अर्धी रिकामी! गोठ्यात म्हैस डोळे मिटून स्वस्थ पडलेली.

"आई, बाकीची कुठाय?"

काकू म्हणाली, "हाप जपायला सांगितली हुतीस न्हवं? हाप जपली. हाप म्हशीला घातली!"

*

मिरजेचे अत्तारवाले चाचा दारावर आले. त्यांच्यासारखं नाक पंचक्रोशीत नाही. दादाने त्यांना बरणी हुंगायला दिली. चाचांनी हुंगलं, घोटभर चाखलं आणि विचारलं, "हवालदार, ये सूंगने का है, के पीने का?"

"दोन्ही, चाचा."

"तब तो दोनोंच बिगड गए!"

फुलं अजून आत पडलीच नव्हती, हे दादा त्यांना तासभर समजावत होता. मला कॉलेजात शिकूनही ते समजलं नव्हतं. चाचांना काय समजणार!

*

मला बघायला आटपाडीची मंडळी आली. त्या सकाळी तात्यांना खोकला होता. काकूने पिशवीतली मूठभर फुलं उकळून काढा पाजला. औषधाचीच फुलं ना!

मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी लई शिकल्याली हाय. घरात उलटून तर बोलायची न्हाई न्हवं?"

तात्या उत्तर द्यायला पुढे वाकले, ते तसेच लोडावर कलंडून घोरायला लागले. मंडळी उठून गेली तरी जाग नाही!

त्या फुलांवर माझा जीव जडला. काकूचाही जडला, पण वेगळ्या कारणाने. इतकी गाढ झोप बघून तिने उरलेली सगळी फुलं तात्यांच्या उशीत भरली.

*

दादाला आम्ही हे सांगितलं तेव्हा तो ओरडला, "अगं, मग आता ड्राय हापिंग कशाचं करू?"

तात्यांनी त्यातला 'ड्राय' तेवढा उचलला. तासगावच्या सभेत पुढाऱ्याने सांगितलं होतं, दारू बंद झाली की तालुका 'ड्राय' होतो. म्हणजे पोराचं औषध दारू सोडवण्याचं! दुसऱ्या दिवशी ते गावातल्या अट्टल दारुड्या बापूला धरून घेऊन आले आणि स्वतःचं नाक दाबून त्याला बरणीतलं पेलाभर औषध पाजलं.

मी म्हटलं, "तात्या, आधी विचारा तरी!"

"तू गप. आमी उनाळे-पावसाळे बघितल्यात."

बापू रोज वेळेवर यायला लागला. तात्या चावडीवर सांगत, "पोराच्या औषदाला लई गुण! बापू गुत्त्याकडं फिरकत न्हाई."

बापू मला हळूच म्हणाला, "ताई, ह्यो रोग बरा हुईस्तवर औषद पुरंल न्हवं?"

*

पाचगणीचा साहेब बिअर चाखायला यायला आठवडा उरला. बरणीत तळाला थोडी बिअर, आणि फुलांचा पत्ता तात्यांच्या डोक्याखाली. तात्या मळ्यात गेल्यावर मी उशी उसवली, दादाने फुलं बरणीत ओतली आणि काकूने उशीत कापूस भरला. आठवडाभर तात्यांना झोप नाही आणि आम्हाला सुख नाही!

साहेब जीपमधून उतरला. तात्या फेटा बांधून पुढे. सरकारच औषध तपासायला आलंय, असा त्यांचा पक्का समज. साहेबाने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले.

"माझं गाव!" साहेब इंग्रजीत म्हणाला. "पहिल्या तारखेला पाचगणीला ये. पण ह्यात दुसराही एक वास आहे. विलक्षण! तो कशाचा?"

दादा माझ्याकडे बघतो, मी काकूकडे. काकू पदराच्या आड.

तात्यांनी पेला घेतला. जन्मात पहिल्यांदा नाक न दाबता खोल हुंगला. मग फेटा काढून डोक्यावरून हात फिरवला आणि तो हातही हुंगला.

"रंगा, ह्या औषदाला माझ्या माक्याच्या तेलाचा वास कसा काय येतोय रं?"